सवलतीचा खड्डा

पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या मागच्या बाजूला, जनरेटर आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधे, विटांनी बांधलेला एक चौकोनी खड्डा असतो. त्यावर पत्रा आणि पत्र्यावर कुणाची तरी मोडकी सायकल. कागदोपत्री याचं नाव 'गांडूळखत प्रकल्प'. सौरऊर्जा, गांडूळखत आणि पावसाचं पाणी मुरवणं यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर पुणे महानगरपालिका मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात 5 टक्के सवलत देते, दोन किंवा अधिक असतील तर 10 टक्के. योजना चांगली आहे. आमच्या सोसायटीलाही ही सवलत मिळत होती. खड्ड्यात गांडूळ मात्र एकही नव्हतं.

प्रकल्प चालू असल्याच्या पत्रावर सेक्रेटरी म्हणून सही माझी असे. मी नोकरी केली ती लेखापरीक्षणात. 'प्रत्यक्ष पडताळणी केल्याचे दिसून येत नाही' हा शेरा इतरांच्या फायलींवर मारण्यात माझी हयात गेली. निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या कमिटीत आले आणि पहिल्याच वर्षी ते पत्र समोर आलं. जरा चुटपुट लागली. खजिनदार म्हणाले, "मॅडम, खड्डा आहे ना? मग झालं तर." दुसऱ्या वर्षी चुटपुटही लागली नाही. जुन्या पत्रावरची तारीख बदलून आणा, एवढंच सांगितलं.

2017 च्या उन्हाळ्यात फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कचरा डेपोला आग लागली. शहराचा कचरा वर्षानुवर्षं आपल्या शिवारात झेलणाऱ्या तिथल्या ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या, आणि पुण्यात चौकाचौकांत ढीग साचले. आमच्या गेटबाहेरही साचला. तेव्हा मी या विषयावर वाचायला लागले. ओला कचरा ढिगात दाबला जातो, त्याला हवा मिळत नाही, तो सडतो आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. हीच भाजीची देठं हवा खेळती ठेवून जिरवली तर मिथेन जवळजवळ होतच नाही. 2016 च्या घनकचरा नियमांतही 5000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं म्हटलेलं होतं. म्हणजे ज्या पोकळ खड्ड्यावर मी बिनदिक्कत सह्या करत होते, तोच खरा मुद्दा होता. लाज वाटली. आणि लाज वाटलेल्या माणसाला चेव येतो, तसा मला आला.

पुढे जे चुकलं ते या चेवातच.

पहिलं म्हणजे मी यंत्र घेतलं. ओल्या कचऱ्याचं 'चोवीस तासांत खत' करणारं. तेव्हा असं कबूल केलं नसतं, पण यंत्र घेण्यामागचं खरं कारण हे की त्यामुळे माणसांशी बोलावं लागणार नव्हतं. सव्वाशे घरांची दारं वाजवून ओलं-सुकं समजावत बसण्यापेक्षा एकदा पैसे मोजले की काम झालं, असं मला वाटलं. यंत्रात कचरा बारीक होई, गरम होई आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी भुगा बाहेर पडे. तो भुगा म्हणजे खत नव्हतं, वाळवलेला कचराच होता. कुंडीत घालून पाणी दिलं की पुन्हा कुजायला लागायचा. पहिल्या पावसात भुग्याचे क्रेट भिजले आणि बी विंगच्या खिडक्या बंद झाल्या त्या दसऱ्यालाच उघडल्या. कचऱ्यात मिसळायला भुसा विकत आणावा लागे, तो वेगळाच खर्च. आणि यंत्रातली कॉइल दिवसभर तापवायला वीज लागे, जी महाराष्ट्रात अजूनही बरीचशी कोळशाचीच आहे. हवेत जाणारा कार्बन वाचवण्यासाठी मी रोज कोळसा जाळत होते. ही गोष्ट मला विजेचं बिल आल्यावर कळली, तीही बिलाच्या आकड्यामुळे. कार्बनची आठवण नंतर झाली.

दुसरी चूक सांगताना आजही जीभ अडखळते. आमच्याकडे 'स्वच्छ' संस्थेच्या दोन ताई दारोदार कचरा घ्यायला येत. ही संस्था कचरावेचकांची स्वतःची. 1993 साली पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली, तिच्यातून पुढे ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून ती घरोघरी कचरा गोळा करू लागली. दर घरामागे महिन्याला ठरलेली थोडी रक्कम, आणि सुक्या कचऱ्यातून विकण्याजोगं जे निघेल ते त्यांचं. मी हिशेब मांडला. ओला कचरा यंत्रात जाणार, उरला सुका. मग घरटी पैसे कशाला द्यायचे? एका ठेकेदाराने सुका कचरा स्वस्तात उचलायची तयारी दाखवली. ठराव झाला, ताईंना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तेही मी सांगितलं नाही, वॉचमनकरवी सांगितलं.

त्या वर्षानुवर्षं आमच्या दारात येत होत्या. कुणाच्या घरी बाळ आहे, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाकडे पाहुणे आलेत, हे त्यांना कचऱ्याच्या डब्यावरून कळत असे. कुणी पिशवीत फुटकी काच तशीच टाकली तर त्या दार वाजवून, हात दाखवून सांगत. ते घर पुन्हा काच कागदात गुंडाळल्याशिवाय टाकत नसे. आमच्या इमारतीत कचऱ्याबद्दल जी काही शिस्त होती ती या दारातल्या बोलण्यातून आलेली होती. माझ्या हिशेबात तिला रकाना नव्हता. ठेकेदाराची माणसं खाली उभ्या केलेल्या मोठ्या पिंपांतून कचरा उचलायची. पिंपाला काय, सगळंच चालतं. महिनाभरात डायपर, शिळी आमटी, औषधांच्या पट्ट्या आणि वर्तमानपत्रं एकत्र नांदू लागली. यंत्राच्या पात्यात एकदा चमचा अडकला, एकदा मोजा.

मग मी नोटीस बोर्डाकडे वळले. नोकरीतली सवय. वर्गीकरण न करणाऱ्या घरांची यादी फ्लॅट नंबरांसह लावली. पहिल्या आठवड्यात यादी एका पानाची होती, पुढे दोन पानं झाली. दंडही ठेवला. लोक दंड भरत आणि निर्धास्तपणे कचरा एकत्र टाकत. पैसे दिले की अपराधही फिटला.

यादीमुळे माणसं का सुधारली नाहीत, हे मला पुष्कळ नंतर समजलं. अमेरिकेतल्या ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके तिथे पडलेले आहेत आणि पर्यटक त्यांचे तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने तिथे पाट्यांचा प्रयोग केला. 'पूर्वी अनेकांनी तुकडे नेल्यामुळे जंगलाचं रूप बदललं' अशा अर्थाची पाटी जिथे होती तिथून जवळपास 8 टक्के तुकडे उचलले गेले. 'कृपया तुकडे नेऊ नका' एवढीच पाटी जिथे होती तिथे हे प्रमाण 2 टक्क्यांच्याही आत राहिलं. पहिल्या पाटीने चोरीचा निषेध केला खरा, पण सगळेच नेतात हेही सांगून टाकलं. माझी दोन पानी यादी हेच करत होती. लिफ्टची वाट पाहत उभा असलेला माणूस ती वाचायचा, आणि आपण एकटे नाही याचा त्याला दिलासा मिळायचा. एका गृहस्थांनी मला हसत हसत विचारलंही, "आमचं नाव नाही का या वेळी?"

शेवटी जुनाच शेरा कामाला आला. प्रत्यक्ष पडताळणी. एके दिवशी सकाळी मी यंत्रापाशी खुर्ची टाकून बसले, कोण काय टाकतं ते बघायला. दुपारपर्यंत तिथे सोसायटीचा जवळजवळ एकही सभासद फिरकला नाही. कचरा घेऊन येत होत्या त्या घरकामाच्या मावश्या, एका घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाई, भाड्याने राहणारी पोरं, एका आजारी काकांची सांभाळकरीण. ज्यांच्या नावाने मी नोटिसा काढत होते त्यांतल्या बहुतेकांनी कचऱ्याला कधी हात लावलेला नव्हता. आणि ज्यांचे हात लागत होते त्यांना इंग्रजीतली माझी नोटीस वाचता येत नव्हती. हो, इंग्रजीत. सोसायटीत अमराठी लोक आहेत म्हणून.

एक मावशी माझ्याजवळ थांबल्या. पाच घरी काम करणाऱ्या. म्हणाल्या, "बाई, एका घरी म्हणतात नारळाची शेंडी ओल्यात टाक, दुसऱ्या घरी म्हणतात सुक्यात. तिसऱ्या घरी एकच डबा. तुमचं काय ते एकदा ठरवा ना. आम्हाला कुठं टाकायचं त्याचं काय पडलंय?" एवढं बोलून त्या पुढच्या घरी गेल्या. त्यांच्याकडे माझ्यासाठी वेळ नव्हता.

सवलतीचं गणित मला तिथे बसल्या बसल्या उलगडलं. 5 टक्के सूट मिळते ती मालकाला, त्याच्या मिळकतकराच्या बिलात. आमच्या इमारतीतल्या कितीतरी फ्लॅटचे मालक बंगळुरूला नाहीतर टेक्सासला. बिल ते ऑनलाइन भरतात. कचरा करतो भाडेकरू, निवडते मावशी, उचलतात ताई. त्या सवलतीतला एक रुपयाही जिना उतरून यांच्यापर्यंत येत नाही. दंडही मालकाच्याच मेंटेनन्सच्या बिलात लागे. म्हणजे बक्षीस आणि शिक्षा दोन्ही अशा माणसाला, ज्याच्या हातून ना काही घडत होतं ना बिघडत होतं. कर्जाचा हप्ता एकाचा आणि वसुली दुसऱ्याकडून, असा आक्षेप मी दुसऱ्या कुठल्याही संस्थेच्या हिशेबात पहिल्याच दिवशी काढला असता.

ताईंकडे परत जायला मला बराच काळ लागला. आढेवेढे घेत गेले. त्यांनी रागावून घेतलं नाही, अटी घातल्या. डायपर आणि सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढलेला पाहिजे. ओलं हातात वेगळं द्यायचं, पिंपात टाकायचं नाही. सुकं निवडायला सावलीची जागा, नळ आणि साबण पाहिजे. शेवटची अट ऐकून मी वरमले. आमच्या आवारात क्लब हाउस आहे, पोहण्याचा तलाव आहे, आणि रोज आमचा कचरा हाताळणाऱ्या बायकांना हात धुवायला नळ नव्हता.

यंत्र आम्ही पडेल भावात विकलं. खड्ड्यावरची सायकल उचलली. खत करायचं काम ताईंच्याच संस्थेतल्या दोघींनी अंगावर घेतलं, त्याचे पैसे वेगळे ठरले. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, वाळलेला पाला कुठंय? आमच्याकडे पर्जन्यवृक्ष आहेत, उन्हाळ्याच्या तोंडाशी पाल्याचा खच पडतो, आणि तो खच वॉचमन कोपऱ्यात नेऊन जाळायचा. एका हाताने पाला जाळायचा आणि दुसऱ्या हाताने भुसा विकत आणायचा, हे मी एकाच हिशेबात मंजूर केलेलं होतं. ओल्या कचऱ्याचा एक थर, पाल्याचा एक थर, अधूनमधून वरखाली करायचं, पाणी फार होऊ द्यायचं नाही. वास येईनासा झाला. वेळ मात्र दीड-दोन महिने लागतो, चोवीस तास नव्हे.

ओलं-सुकं शिकवायची सभा आम्ही दुपारी जिन्यात घेतली, मावश्यांची एक खेप संपते आणि दुसरी सुरू व्हायची असते त्या वेळेत. चहा आणि मराठीत लिहिलेला एकच कागद. नारळाची शेंडी सुक्यात, असं तिथे मतदान होऊन ठरलं. आमच्या मावश्यांची आपसात भिशी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पुढचं काम त्या भिशीने केलं. शेजारच्या दोन सोसायट्यांतही याच मावश्या कामाला जातात, त्यामुळे हा कागद माझ्या परवानगीशिवाय तिथेही पोचला. तिथल्या सेक्रेटरींनी मला फोन करून विचारलं, हे शेंडीचं काय ठरवलंत तुम्ही? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांना खताच्या पिशव्या वाण म्हणून वाटल्या. यादी काढून टाकली होती. तिच्या जागी किती खत निघालं एवढा आकडा लावत होतो.

इतकं सगळं शिकल्यावर मी शहाणी झाले असेन असं वाटेल. गच्चीवर सौर पॅनेल बसवायच्या वेळी मी तेच पुन्हा केलं.

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर' योजना आली. गृहनिर्माण सोसायट्यांना सामायिक वापराच्या विजेसाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठी, किलोवॅटमागे 18 हजार रुपये अनुदान. 20 किलोवॅट बसवले तर 3 लाख 60 हजार. पुण्याच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे रोजचे 80 युनिट. आपल्याकडच्या ग्रिडची वीज युनिटमागे साधारण 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते, त्या हिशेबाने वर्षाला 20 टनांची बचत. आकडे इतके सुंदर होते की मला कुणाशी बोलावंसं वाटेना. विशेष सर्वसाधारण सभा बोलावली, आठवड्याच्या मधल्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला. ही वेळ कुणाला जमणार नाही हे मला माहीत होतं. कोरमअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. उपविधी तसं सांगतात. ठराव एकमताने मंजूर झाला, मत देणारे आम्ही कमिटीवाले आणि दोन आगंतुक. इतिवृत्तात बोट ठेवायला जागा नव्हती.

पण इमारत बसून होती. वर्गणी येईना. गच्ची आमची वाळवणाची, तिच्यावर तुम्ही परस्पर काय बसवताय, म्हणून वरच्या मजल्यावरून अर्ज आले. एक अर्ज थेट उपनिबंधकांकडे गेला. मी या सगळ्यांना प्रतिगामी ठरवून मोकळी झाले. पृथ्वी तापतेय आणि यांना कुरडया सुचतायत, असं मी म्हणाले, आणि ते वाक्य माझ्यापर्यंत निराळ्या रूपात परत यायला एक दिवस लागला.

पॅनेल अखेर बसली. हिवाळ्यात वीज अपेक्षेपेक्षा कमी पडू लागली. सहाव्या मजल्यावरच्या आजी थंडीत गच्चीवर उन्हाला बसतात, त्यांनी मला वर बोलावून दाखवलं. दक्षिणेच्या कडेला पाण्याची टाकी आहे. पौषात सूर्य खाली असतो तेव्हा टाकीची सावली सकाळी वायव्येकडे लांबवर पडते, थेट पॅनेलच्या एका ओळीवर. आमच्याकडे सगळी पॅनेल एकापुढे एक जोडलेली होती. अशा जोडणीत एकावर सावली आली की बाकीची त्याच्यासोबत मंदावतात. मी आराखड्यावर सही केली तेव्हा हे विचारलंच नव्हतं. आजी वर्षानुवर्षं त्या गच्चीवर पापड घालत आल्या आहेत, कुठली फरशी कुठल्या महिन्यात किती वाजेपर्यंत उन्हात असते हे त्यांना पाठ आहे. त्यांना मी सभेची नोटीसही नीट पोचवली नव्हती.

"आधी विचारलं असतंस तर इथं ठेवू नका म्हटलं असतं," आजी म्हणाल्या. "पण तू म्हणे कुरडयांवर रागावली होतीस."

ती ओळ आम्ही हलवली, खर्च पुन्हा पडला. सावलीतला पट्टा वाळवणाच्या कामाचा नव्हता, म्हणून तिथे कपड्यांच्या दोऱ्या गेल्या, आणि पूर्वेचा एक पट्टा उन्हाळ्यात वाळवणासाठी मोकळा ठेवायचं ठरलं. अनुदान मात्र वेळेत आलं, आणि ते नसतं तर वर्गणीचा विषयच निघाला नसता, हेही नोंदवते. योजनांना नावं ठेवायचा माझा इरादा नाही. खड्ड्याची सवलत नसती तर 2017 साली माझ्या आवारात खड्डाही नसता.

सध्या एक वाद चालू आहे. मिळकतकराच्या सवलतीचा काही भाग दरवर्षी सभासदांनी सोसायटीकडे जमा करावा आणि त्यातून ताई आणि मावश्यांना दिवाळीला बोनस द्यावा, असा प्रस्ताव मी मांडला आहे. टेक्सासमधून दोघांचा होकार आला, तिसऱ्याने कायदेशीर आधार विचारला. भाडेकरू मुलांनी विचारलं की कचरा आम्ही वेगळा करतो तर या ठरावावर आम्हाला मत का नाही. त्यांना मत नाही, नाममात्र सभासदालाही नसतं, त्यांना बोलू देण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही. खजिनदारांचा आक्षेप वेगळाच आहे. मावश्या सोसायटीच्या नोकर नाहीत, मग हा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा? लेखापरीक्षक हरकत घेतील.

आक्षेप बिनतोड आहे. त्यांच्या जागी मी असते तर हाच काढला असता. चार दिवस झाले, मी जुनी हस्तपुस्तकं काढून बसले आहे. एक शीर्ष सापडल्यासारखं वाटतंय.